सहा दशांशाची फट

“आणखी एक पत्ती घाला की. जागा हाय अजून.”

मी बंद प्रेसच्या मागे लोखंडी स्टुलावर चढून, फ्लायव्हीलच्या, म्हणजे मोठ्या चाकाच्या, आत मान घालून उभा होतो. हातात फिलर गेज होतं. चाकूच्या पात्यांसारख्या उघडणाऱ्या पातळ पोलादी पत्त्यांचा जुडगा असतो तो, आणि प्रत्येक पत्तीवर तिची जाडी कोरलेली असते. फटीत जेवढ्या पत्त्या घट्ट बसतात तेवढी फट. खालून मला शिकवणारी बाई त्याच प्रेसवर काम करायची. सुभद्रा वाघमोडे, वय पस्तिशीच्या आसपास, औशाकडची. भोसरीतल्या त्या कारखान्यात तिची नऊ वर्षं झाली होती आणि माझी नोकरी लागून चौदा महिने. त्यामुळे तिचं ऐकणं भाग होतं.

मी आणखी एक पत्ती सरकवली. ती गेली. बेरीज केली, सहा दशांश मिलिमीटर. ड्रॉइंगवर लिहिलं होतं अर्धा दशांश. म्हणजे बारा पट. मी पुन्हा मोजलं, दुसऱ्या बाजूनं मोजलं. तेवढंच.

“किती आलं ओ?” तिनं विचारलं.

“सहा.”

“सहा म्हंजी लई का?”

“जरा जास्त आहे, ताई.”

“मला म्हाईतच हाय. पायडल मारलं की आदी बारीक ‘टक’ हुतंय, मंग ‘धाड’ हुतंय. तिकडं नव्या मशिनीला एकच आवाज येतो. हिला दोन येत्यात. मी सुपरवायजरला चारदा सांगितलं. त्यो म्हनतो, तू गानी ऐकाय येतीस का काम कराय?”

ती हसली. मीही हसलो. पण डायरीत लिहून घेतलं: अकरा नंबर प्रेस, फट ०.६, ऑपरेटर म्हणते दोन आवाज.

हे यंत्र काय करतं ते सांगायला हवं. एक जडशीळ चाक सतत फिरत असतं. पायडल मारलं की एक पोलादी चावी चाकाच्या खाचेत वळते आणि चाकाला आतल्या दांड्याशी जोडते. मी मोजली ती फट या चावीच्या आणि खाचेच्या मधली. दांडा एक फेरा घेतो, पंच खाली येतो, पत्रा कापतो, वर जातो. मग चावी पुन्हा मागे वळते, चाक एकटंच फिरत राहतं. एक पायडल, एक ठोका. पंच वर गेला की बाई हात घालून कापलेला तुकडा काढते आणि नवा पत्रा ठेवते, तासाला सहा-सातशे वेळा. चावी मोडली किंवा मोडून खाचेत अडकली, तर चाक दांड्याला सोडत नाही. पंच कुणी न सांगता दुसऱ्यांदा खाली येतो, आणि त्या वेळी हात आत असतो. कारखान्यात त्याला डबल स्ट्रोक म्हणतात. महिन्यापूर्वी सात नंबरच्या प्रेसवर असा एक झाला होता. सुदैवानं ती बाई त्या क्षणी शिंकायला मागे वळली होती.

कारखान्याचे मालक खिलारे. त्यांचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीला ही गोष्ट कळली आणि तिनं अट घातली की सगळ्या प्रेसची चावी ताण सहन करते असा कॉम्प्युटरवरचा रिपोर्ट दाखवा, नाहीतर ऑर्डर बंद. सोमवारी त्यांची माणसं तपासणीला येणार होती. तो दिवस होता बुधवार.

“लवकर उरका,” निघताना खिलारे म्हणाले. माणूस वाईट नव्हता, सगळ्यांना चहा विचारायचा. “अन् बारकं-सारकं काही निघालं तर फोन करा. लिहू नका.”

मी मान डोलावली.

आमचं ऑफिस कोथरूडला एका बँकेच्या वरच्या मजल्यावर होतं. यंत्राच्या भागांचं कॉम्प्युटरवर चित्र करायचं, त्यावर भार टाकायचा, कुठं किती ताण येतो ते रंगांत दाखवायचं, हा धंदा. निळं-हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे मोडणार. गिऱ्हाइकाला आकडे कळत नाहीत, रंग कळतात. चार इंजिनिअर, एक दमदार मशीन आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स एकच. एकाचं गणित चालू असलं की बाकीच्यांनी थांबायचं. म्हणून भिंतीवर एक पांढरा फळा होता. त्यावर प्रत्येकानं आपलं नाव आणि किती तास हवेत ते लिहायचं. या फळ्यावरून आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी पगारावरूनही झाली नाहीत.

मी फळ्यावर लिहिलं: उपळेकर, चाळीस तास.

लिमजे सरांनी ते वाचलं आणि माझ्या टेबलाशी आले. ऑफिस त्यांचंच. पन्नाशीचा, सडपातळ, हुशार माणूस. मला जे काही येतं ते त्यांनी शिकवलेलं आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात ते खलनायक वाटतील. ते तसे नव्हते.

“उपळेकर, एवढ्याशा चावीला चाळीस तास? काय, तिचं लग्न लावतोयस?”

“सर, फट आहे. सहा दशांश. चावी सुरुवातीला कशालाच टेकलेली नाही. मग चाक येऊन तिला धडकतं. ती धडक पकडायची तर पावलं फार लहान घ्यावी लागतात.”

ही अडचण खरी होती. पोलादातून पोलाद आरपार जात नाही हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. कॉम्प्युटरला सांगावं लागतं, आणि गणिताच्या प्रत्येक पावलावर पुन्हा पुन्हा तपासायला लावावं लागतं, की हा भाग त्याला टेकला का, घुसला का, किती घुसला, आता मागे ढकल. पावलं लहान ठेवली तर उत्तर खऱ्याच्या जवळ जातं आणि मशीन दोन दोन दिवस घुमत बसतं. पावलं मोठी ठेवली तर चाक चावीतून भुतासारखं निघून जातं, आणि तेही कुठलीही तक्रार न करता. फट असली तर विचारूच नका. कशालाच न टेकलेली वस्तू गणिताला अधांतरी वाटते आणि ते मध्येच हात टेकतं. बुधवारी संध्याकाळपर्यंत माझं गणित सहा वेळा पडलं होतं.

“मग फट मिटव,” सर म्हणाले.

“मिटव म्हणजे?”

“बटण आहे ना. सुरुवातीला भाग टेकवून घे. अर्ध्या तासात उत्तर.”

“पण सर, तिथं खरोखर फट आहे. मी स्वतः मोजलीय.”

“ड्रॉइंगवर किती आहे?”

“अर्धा दशांश.”

“मग ड्रॉइंगप्रमाणे ती जवळपास टेकलेलीच आहे. आपल्याला ड्रॉइंग दिलंय, त्याचं आपण उत्तर देतोय. आणि लपवायचं काही नाही. गृहीतकांच्या पानावर स्वच्छ लिही, की भाग सुरुवातीपासून टेकलेले आहेत असं धरलं आहे. म्हणजे झालं.”

आमच्या धंद्यातल्या माणसांचा या पानावर फार विश्वास. बाहेरच्यांना तो कळायचा नाही. आम्हाला वाटतं, एखादी गोष्ट गृहीतकांत लिहिली की ती आपल्या खांद्यावरून उतरली. पुढच्यानं वाचावं, त्यानं ठरवावं. मलाही तेव्हा तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. बाकीचे तिघं फळ्याकडे बघून माझ्या नावानं खडे फोडत होते.

गुरुवारी सकाळी मी बटण दाबलं. फट मिटली. बावीस मिनिटांत उत्तर आलं. चावीवर जास्तीत जास्त ताण तीनशे दहा, चालणारा ताण साडेपाचशे. चित्र देवळाच्या तळ्यासारखं हिरवंगार. एकोणिसाव्या पानावर मी ते एक वाक्य लिहिलं, पहिल्या पानावर चित्र टाकलं आणि खाली लिहिलं: चावी सुरक्षित आहे. शुक्रवारी दुपारी रिपोर्ट गेला. खिलाऱ्यांचा फोन आला, “झकास काम! पोरगं गुणी आहे तुमचं, लिमजे साहेब.”

शुक्रवारी सगळे घरी जायला निघाले तेव्हा मशीन मोकळं झालं. शनिवार-रविवार ऑफिस बंद. मी फट असलेलं गणित लावून दिलं आणि घरी गेलो. का लावलं ते नक्की सांगता येत नाही. मोठेपणा नको. थोडी उत्सुकता होती, आणि सहा वेळा पडलेलं गणित सातव्यांदा उभं करण्याची जिद्द होती. त्या बाईचा विचार त्यात असेल तर अगदी थोडा असेल.

सोमवारी सकाळी ऑफिस मीच उघडलं. गणित संपलं होतं. पडलं नव्हतं. मी चित्र उघडलं आणि खुर्चीत बसलो. चाक आलं, फट ओलांडून चावीच्या एका कडेवर आपटलं, आणि ती कड लाल झाली. ताण नऊशे चाळीस.

पहिल्यांदा ती धडक, मग सगळा जोर. बारीक टक, मग धाड.

लिमजे सर आल्या आल्या मी त्यांना स्क्रीनसमोर बसवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“लाल कुठं आहे बघ,” शेवटी म्हणाले. “धारदार कोपऱ्यात. धारदार कोपऱ्यात गणित खोटा ताण दाखवतं हे मी तुला पहिल्या आठवड्यात शिकवलंय.”

“शिकवलंय, सर. पण सगळाच खोटा नसेल ना.”

“नसेल. मग किती खरा? चारशे खरा असेल तर चावी टिकते. नऊशे खरा असेल तर मोडते. तुला माहीत आहे का किती?”

“नाही.”

“मग मी खिलाऱ्यांना काय सांगू? आज त्यांची तपासणी आहे. तीन दिवसांपूर्वी दिलेला रिपोर्ट चुकीचा होता, बरोबर काय ते मात्र आम्हाला माहीत नाही, असं सांगू? जाळी बारीक कर. कोपऱ्याला खरी गोलाई दे. आकडा एका जागी थांबला की माझ्याकडे ये. मी स्वतः फोन करीन. शब्द देतो.”

यात एक अक्षर चूक नव्हतं. कुठल्याही पुस्तकात हेच लिहिलेलं सापडेल. एका गणितावर विश्वास ठेवू नये, जाळी, म्हणजे गणितासाठी भागाचे केलेले तुकडे, बारीक करत जावी, उत्तर स्थिरावलं की मगच बोलावं. मी जागेवर गेलो आणि कामाला लागलो.

त्या दिवशी तपासणी झाली, पास झाली. अकरा नंबरचा प्रेस चालू झाला.

मी जाळी बारीक केली. अकराशे वीस. कोपऱ्याला गोलाई दिली. आठशे सत्तर. घर्षण बदललं. नऊशे नव्वद. टेकलेल्या पृष्ठभागांचा कडकपणा वाढवला की गणित पडायचं, कमी केला की चाक चावीत केसभर घुसायचं आणि आकडा उतरायचा. किती घुसणं चालतं यावर मी तीन शोधनिबंध वाचले. प्रत्येक गणिताला दीड-दोन दिवस, आणि फळ्यावर माझा नंबर आठवड्यातून दोनदा. बाकीच्यांच्या कामात मी माझं काम घुसवू लागलो, शनिवार-रविवार तर माझेच होते. इतकं मन लावून मी कधीच काम केलं नव्हतं. एक सुरेख तक्ता तयार होत होता, आणि मनातल्या मनात मला त्याचा अभिमान वाटू लागला होता. एखाद्या परिषदेत वाचण्यासारखं होईल हे, असंही एकदा वाटून गेलं. आज ते आठवलं की स्वतःची किळस येते.

कारण त्या तक्त्यात एक गोष्ट शेंबड्या पोरालाही दिसली असती. आकडा खाली-वर होत होता, थांबत नव्हता. पण साडेपाचशेच्या खाली तो एकदाही आला नाही. एकदाही. अकरा गणितं झाली, अकराही वेळा चावी मोडत होती. फक्त किती जोरात मोडते यावर माझं समाधान होत नव्हतं.

फोन करायला मला काय हवं होतं? “खिलारे साहेब, अकरा नंबर बंद ठेवा, फट जास्त आहे, नक्की आकडा मागून सांगतो.” एवढंच वाक्य. त्यांनी तर स्वतःच सांगितलं होतं, फोन करा म्हणून. त्यांचा नंबर माझ्या टेबलावर चिकटवलेला होता. आधी मी घाईनं चुकलो होतो, आता काटेकोरपणानं चुकत होतो, आणि ही दुसरी चूक चुकीसारखी दिसतच नव्हती. ती मेहनतीसारखी दिसत होती.

एकविसाव्या दिवशी, सोमवारी सकाळी साडेअकराला फोन आला. खिलाऱ्यांचा. सरांनी घेतला. दोन मिनिटं ऐकून घेतलं. “अरे रे,” म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं.

“अकरा नंबर?” मी विचारलं.

त्यांनी फोनवर हात ठेवून मान डोलावली.

“कोण होतं?”

“वाघमोडे का कुणीतरी.”

उजव्या हाताची चार बोटं गेली होती, मुळापासून. अंगठा राहिला. फोन त्यासाठी नव्हता. रिपोर्टाच्या सही-शिक्क्याच्या दोन प्रती हव्या होत्या. सरकारी तपासणी अधिकारी येणार होता. मशीन ठीक होतं हे आमच्याच रिपोर्टात लिहिलेलं होतं, तेव्हा बाईनंच चुकून दुसऱ्यांदा पायडल दाबलं असणार.

“आणि चावी?” सरांनी हळूच विचारलं.

त्यावर काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवल्यावर सर म्हणाले, “म्हणतात, चावीचं त्यांनी बघून घेतलंय. आता आत आहे ती शाबूत आहे.”

मी त्यांच्यासमोर तक्ता ठेवला. त्यांनी तो वाचला. सावकाश, वरून खाली. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. मी माणूस असा कोसळताना पहिल्यांदा बघितला. पण प्रती त्यांनी पाठवल्या. शिक्का त्यांनीच मारला, सही माझी होती.

दोन महिने मी काही केलं नाही. हे वाक्य लिहायला सोपं आहे, म्हणून लिहून टाकतो. अधिकाऱ्याचा निकाल आला: यंत्रात दोष आढळला नाही, कामगाराचं दुर्लक्ष. एकोणिसावं पान कुणी उघडलंच नव्हतं. ऑफिसात कुणी स्टेपलर जोरात दाबला तरी मी दचकायचो. शेवटी एका रविवारी बसून पत्र लिहिलं. ऑफिसच्या कागदावर नाही, साध्या फुलस्केपवर. आमचा रिपोर्ट चुकीच्या पायावर होता, फट मी स्वतः मोजली होती, ती धरून गणित केलं तर चावी मोडते, डबल स्ट्रोक यंत्रामुळे होऊ शकतो. खाली नाव, सही, पत्ता. ही फट धरलेली गणितं केव्हा केली, ते मी लिहिलं नाही. ते मुद्दाम गाळलं असं तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

या पत्रामुळे पुढे केस पुन्हा उघडली. तिला भरपाई मिळाली, माझी नोकरी गेली, सरांनी वर्षाच्या आत ऑफिस बंद केलं. मला बऱ्याच लोकांनी त्याबद्दल नावाजलं, अजून कधी कधी कुणी नावाजतं. हे सगळं खरं आहे. पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारी तिच्या खोलीत झालेलं.

पत्ता कारखान्याच्या गेटवर मिळाला. भोसरीतली पत्र्याची चाळ, दुपारची वेळ. सुभद्रा दारात बसून डाव्या हातानं लसूण सोलत होती. जमत नव्हतं. उजवा हात पदराखाली. मला बघून उठली.

“आवो, तुमी. पत्तीवालं सायेब.”

आत तिची सासू पलंगावर बसली होती. नवरा कामावर गेला होता. सासूनं मला खाली-वर बघितलं.

“कंपनीतनं आलाव का?”

“नाही, आजी. मी ते मशीन तपासलं होतं.”

“मंग तुमीच सांगा हिला,” सासू म्हणाली. “लक्ष नव्हतं हिचं. पायडलवर पाय ठिवून हात घालतंय का कुनी? नऊ वर्सं काम करून आक्कल आली न्हाई. आता माज्या लेकानं सैपाक करून कामावर जायाचं.”

सुभद्रा मान खाली घालून म्हणाली, “आसंल. माझंच चुकलं आसंल, सायेब. मला पैलं वाटत व्हतं, मी एकदाच दाबलं. देवाच्यान एकदाच. पर त्या सरकारी सायबांनी कागद दाखवला. रंगीत. हिरवं हिरवं चित्र. म्हनले, बाई, हे कॉम्प्युटरनं काडलंय, मशीन दोनदा येऊच शकत न्हाई. मंग मी रोज इचार करती. रातचं पाय हालतो का माजा, त्ये बगती. कॉम्प्युटर कसा चुकंल? माजाच पाय पडला आसंल.”

ती माझं चित्र सांगत होती. बोटं गेली हे मला ठाऊक होतं, आणि तेवढंच ओझं घेऊन मी आलो होतो. तिच्या स्वतःच्या पायावरचा तिचा विश्वासही मी काढून घेतलाय, हे मला तिथं कळलं.

“ताई, तुमचं चुकलं नाही,” मी म्हणालो. “तुम्ही एकदाच दाबलं. मशीन दोनदा आलं. चावी मोडली होती.”

“काय?”

“तो कागद चूक होता. तो मी केला होता.”

ती सासूकडे वळली.

“आत्या, ऐका. सायेब, परत सांगा. ह्यांना सांगा.”

मी सासूला सांगितलं. सुभद्रानं शेजारणीला हाक मारली. “शेवंताबाई, इकडं या. सायेब, ह्यांना बी सांगा.” मी सांगितलं. मग आणखी एक म्हातारा आला, दोन बाया आल्या. प्रत्येकाला तिनं माझ्याकडून वदवून घेतलं, की एकदाच दाबलं. दर वेळी ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. पाचव्यांदा सांगताना ती रडली. पदर सुटला आणि तो हात मी पहिल्यांदा पाहिला.

मी खिशातून पत्र काढून दिलं. “हे तुमच्या वकिलाला द्या. वकील नसेल तर मी गाठून देतो.”

तिनं ते घेतलं, अंगठा आणि तळव्याच्या मध्ये धरलं. शेजारचा म्हातारा ते मोठ्यानं वाचू लागला. तो वाचत असताना ती माझ्याकडे बघत होती. बाई नऊ वर्षं यंत्राचा आवाज ऐकत आलेली. काय सुटलंय ते तिच्या बरोबर ध्यानात आलं.

“सायेब,” तिनं विचारलं, अगदी साधेपणानं, “ही चावी मोडतीय ह्ये तुमाला कदी कळलं? माजा हात जायच्या आदी का मागनं?”

खोलीत सात माणसं होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हे सांगायलाच आलो होतो. वाटेत बसमध्ये मी हेच वाक्य घोळवत आलो होतो: ताई, मला एकवीस दिवस आधी कळलं होतं.

“नंतर,” मी म्हणालो.

सुभद्रानं मोठा श्वास सोडला.

“मंग तुमी तरी काय करनार,” ती म्हणाली. “आत्या, च्या टाका सायबांना.”

“देवमानूस हाय,” सासू स्टोव्हकडे जाता जाता शेजारणीला म्हणाली. “सोताहून आला बग सांगायला. कोन येतंय हल्ली.”

मी चहा घेतला. साखर जास्त होती. म्हाताऱ्यानं पत्राची घडी घालून ते देव्हाऱ्यात ठेवलं. मी उठलो तेव्हा सुभद्रा दारापर्यंत आली आणि तिनं मला हात जोडले, डावा पुरा आणि उजव्याचा नुसता अंगठा.

मीही हात जोडले, चपला घातल्या आणि बसस्टॉपकडे चालायला लागलो.